मयताशी नाते

माणसाला कोऱ्या रकान्याचा राग येऊ शकतो, हे मला सांगलीच्या कचेरीबाहेर कळलं. भिंतीला टेकवलेलं टेबल, त्यावर जुना टाइपरायटर, वर निळी ताडपत्री आणि ताडपत्रीखाली हा माणूस. अर्ज लिहिणारा. उत्पन्नाचा दाखला, वारसनोंद, रेशनकार्डातली दुरुस्ती, ज्याला जे लागेल ते. शेजारी आणखी सातआठ जण हेच काम करायचे, पण त्यांच्या हातचे अर्ज त्रुटी काढून परत यायचे. ह्यांचा कधी आला नाही. त्यामुळे आतले कारकून त्यांच्यावर खार खाऊन होते.

मी एकवीस वर्षांची होते आणि आमच्या गावच्या शाळेसमोरचं दारूचं दुकान हटवायला निघाले होते. निवेदन मीच लिहिलेलं. टाइप करून घ्यायला त्यांच्याकडे नेलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"यात मागणी कुठंय?"

"सगळं निवेदन म्हणजे मागणीच आहे."

"नाही. निषेध आहे. नऊ वेळा आहे, मोजले मी. कलेक्टरनं काय करायचं? तुझ्याबरोबर उभं राहून निषेध करायचा?"

मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी मागणी घालून आणलं. सात ओळींचं झालं. दुकान हटायला पुढं दीड वर्ष गेलं ती गोष्ट वेगळी, पण तो कागद एकाही टेबलावरून माघारी आला नाही. त्याच महिन्यात गावभागातल्या त्यांच्या घरामागची खोली मी भाड्यानं घेतली, आणि ते माझे काका झाले, त्यांची बायको माझी काकू.

काकांचे नियम होते. रकाना मोकळा सोडायचा नाही. आडवी रेघ तर मारायचीच नाही. "रेघ मारली की कारकुनाला वाटतं माणूस काहीतरी दडवतोय. नसेल तर 'नाही' लिहावं. ठाऊक नसेल तर 'माहीत नाही' लिहावं. पण लिहावं." आणि खोटं लिहायचं नाही. एक बागायतदार उत्पन्न कमी दाखवून द्या म्हणून आला, त्याला त्यांनी शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवून वाटेला लावलं. किराणा आणायच्या चिठ्ठीवरसुद्धा ते वर 'विषय' लिहायचे. काकूंशी वाजलं की "मुद्दा क्रमांक दोन" म्हणून बोट वर करायचे. काकू शिराळ्याच्या. त्या भाकरी थापत म्हणायच्या, "यक नंबरचा तर सपू द्या."

त्यांना मूल नव्हतं. लग्नाला अठरा वर्षं झालेली. इतक्या वर्षांत जिथं जिथं 'अपत्ये' असा रकाना आला, रेशनकार्डापासून शिरगणतीपर्यंत, तिथं त्यांनी 'नाही' लिहिलं नाही. 'अद्याप नाही' लिहिलं. तलाठी हसायचे. काका हसायचे नाहीत.

मूल दत्तक घ्यायचं ठरलं तेव्हा नातेवाइकांनी घर डोक्यावर घेतलं. पुतण्या घ्या, भाचा घ्या, रक्ताचं घ्या. साताऱ्याच्या अनाथ मुलांच्या संस्थेतली पोर कुणाची, कुठली, जात कुठली. ही माणसं अठरा वर्षांत काकूंना हळदीकुंकवाला बोलवायला विसरायची, आणि आता त्यांना वंशाची चिंता लागली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चौकात उभं राहून बोलायला तयार होते. काकांनी मला गप्प बसवलं आणि मोठ्या भावाला शांतपणे सांगितलं, "रक्ताचा रकाना दवाखान्याच्या फॉर्मात असतो, दादा. तिथं फक्त गट विचारतात."

संस्थेत जाऊन दोघांनी मुलगी पाहिली. सव्वा वर्षाची. काकूंनी तिला घेतलं आणि तासभर खाली ठेवलं नाही. काका तेवढ्या वेळात तिची फाईल वाचत बसले. पहिल्याच पानावर 'बेवारस स्थितीत मिळाली' असं होतं. काकांनी तिथल्या लिपिकाला सांगितलं, एवढं वाक्य बदला. तो म्हणाला, नियमाप्रमाणे तसंच लिहितात. काका म्हणाले, "लिहिलं तेव्हा बरोबर असेल. आता आम्ही आलोय ना."

मग संस्थेच्या एक बाई घर बघायला सांगलीला आल्या. चांगल्या बाई होत्या. मोरी पाहिली, विहिरीवर झाकण आहे का पाहिलं, मला दोन प्रश्न विचारले. चहा घेताना सहज म्हणाल्या, "तुम्ही दोघं फिरायला शेवटचे कुठं गेला होतात?"

काकांनी विचार केला. "मिरजेला."

"मिरजेला फिरायला?"

"दवाखान्यात. पण येताना मुद्दाम रेल्वेनं आलो."

बाई हसल्या. म्हणाल्या, एकदा मूल घरात आलं की दोन वर्षं हलता यायचं नाही, तोवर चार दिवस दोघंच कुठंतरी जाऊन या. एवढंच. बाई गेल्यावर काकांनी वही काढली आणि लिहिलं: त्रुटी क्रमांक एक, सहल. पूर्तता करणे.

मी सांगून पाहिलं की ही अट नाही, बाई गमतीनं बोलल्या. काका म्हणाले, "गमतीनं बोललेलंच शेवटी नडतं." आणि त्यांना धोका पत्करायचा नव्हता, कारण वेळ उरला नव्हता. पुढच्या महिन्यात काकांना पंचेचाळीस पूर्ण होत होती, आणि त्यानंतर एवढं लहान मूल द्यायला संस्थेचा नियम आडवा येत होता. मूल कुणाला द्यायचं ते ठरवणाऱ्या समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा. म्हणजे येणाऱ्या शुक्रवारची हीच काय ती शेवटची. सोमवारी पाचगणीला जायचं, गुरुवारी संध्याकाळी साताऱ्याला उतरायचं आणि शुक्रवारी समितीपुढं उभं राहायचं, असं ठरलं. शिफारस करणारी म्हणून मी सांगलीहून परस्पर साताऱ्याला येणार होते.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. काकू वाढवून सांगत नाहीत, उलट कापतात.

पाचगणीच्या लॉजवर वहीत 'येण्याचे कारण' असा रकाना होता. लोक तिथं काही लिहीत नाहीत. काकांनी लिहिलं, 'दत्तकपूर्व पूर्तता'. मॅनेजरनं ते तीनदा वाचलं, मग दोघांकडे पाहिलं, मग आत जाऊन कुणालातरी दाखवून आला. "आवं, सहल लिवा की," काकू म्हणाल्या. तोवर शाई वाळली होती.

पहिल्या दिवशी टेबललँडवर काकूंना घोड्यावर बसवलं आणि काकांनी घोडेवाल्याकडे पावती मागितली. फाईलला लावायला.

"घोड्याची कसली पावती, काका?"

"साध्या कागदावर दिली तरी चालेल. दिनांक, वेळ, स्वार कोण."

हा घोळ चालू असताना घोडा काकूंना घेऊन आपल्या मनानं चालता झाला. कड्याच्या बाजूला. शिराळ्याची बाई, नागपंचमीला गावभर नाग बघत वाढलेली, पण घोड्यावर डोळे मिटून बसली. फोटोवाल्यानं नेमकं तेव्हाच बटण दाबलं. त्या फोटोत घोडा आहे, काकू आहेत आणि कोपऱ्यात धावणाऱ्या काकांचा एक कोपर आहे. तो फोटो पुढे 'सहपत्र तीन' म्हणून फाईलला लागला.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्ट्रॉबेरी खाल्ली. जन्मात पहिल्यांदा, आणि अर्धा किलो. तासाभरात अंगभर पित्त उठलं, डोळे सुजून बंद झाले. जानेवारीची थंडी, त्यात हे गृहस्थ उघड्या अंगानं व्हरांड्यात बसलेले. शेजारच्या खोलीत एक म्हातारा उतरला होता, पलटणीतून रिटायर झालेला, पंचाहत्तरीचा. त्यानं आपल्याकडचं आमसूल काढून दिलं.

"भिजवून लावा, साहेब. पलटणीत आमी ह्येच लावायचो. लय गुणाचं हाय."

काकूंनी ते लावलं. म्हातारा समोर बसून राहिला. तरुणपणी त्याच्या पलटणीचा तळ इथं पडला होता म्हणे. मरायच्या आधी एकदा जागा बघावी म्हणून आला होता. घरी कोण, विचारल्यावर म्हणाला, "कोन न्हाई. यकटाच. कवातरी व्हती मानसं." काकांनी सुजलेल्या डोळ्यांनी त्याला पोरीची सगळी हकिगत सांगितली, मुद्देवार. म्हातारा ऐकत होता. शेवटी काकूंना म्हणाला, "लेकी, नाव काय ठेवनार?" हा प्रश्न काकूंना तोपर्यंत कुणीच विचारला नव्हता. समितीनं नाही, नातेवाइकांनी नाही, मी पण नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो व्हरांड्यातल्या खुर्चीत ऊन खात होता. काकूंकडे पाणी मागितलं. काकूंनी तांब्या दिला. तो प्यायला, तांब्या खाली ठेवला आणि मेला. काकूंना वाटलं डोळा लागला.

मॅनेजरची घाई सुरू झाली. "बाई, ह्यांना आत तरी न्या. गिऱ्हाईकं उठतील आता." जणू काकूंनीच त्याला तिथं मांडून ठेवलं होतं. पोलीस आले, पंचनामा झाला, सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं. लॉजच्या वहीत म्हाताऱ्याच्या पत्त्यापुढं नुसतं 'सातारा जिल्हा' होतं. दवाखान्यातला कारकून फॉर्म घेऊन बसला. काका त्याच्यासमोर बसले, कारण दुसरं कोणी नव्हतं.

"मयताशी नाते?"

"शेजारच्या खोलीत होते."

"तसा रकाना नाही, काका. मुलगा, भाऊ, पुतण्या कोणी आहे का? नसेल तर मी बेवारस लिहितो. मग नगरपालिका बघेल काय ते."

काकू म्हणतात, हे असे उठले जसं कुणी मानगूट धरलं. त्यांनी कारकुनाच्या हातातून फॉर्म घेतला, स्वतःचं पेन काढलं आणि त्यांच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं: मुलगा. खाली सही केली. आयुष्यभर कुणासाठी एक खोटं अक्षर न लिहिलेल्या माणसानं.

मला विचाराल तर खोटं त्या कारकुनाचं होतं. माणूस हयात असताना त्याच्याकडे कुणी बघायचं नाही आणि मेल्यावर त्याच्या कपाळावर बेवारस असा शिक्का मारायचा, याला नियम म्हणायचं. तेव्हाही मला हेच वाटत होतं आणि अजूनही वाटतं.

पण लिहिलं म्हटल्यावर पुढचं आलं. स्मशानात जमलेले चार जण म्हणाले, मुलगा आहात तर केस द्यायला लागतील, मिशा पण. काकांनी काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघताय? लिवलंय न्हवं तुमी? मग बसा." गुरुवारी संध्याकाळी साताऱ्याच्या एसटीत बसलेला माणूस हा असा होता: डोक्याचा गोटा, मिशा गायब, तोंडावर पित्ताचे लाल चट्टे आणि मांडीवर फाईल.

शुक्रवारी संस्थेच्या फाटकात मी त्यांना ओळखलं नाही. मला वाटलं, काकू कुणा बुवाला घेऊन आल्या.

"काय झालं, काका?"

"वडील वारले."

"तुमचे वडील तुम्ही मॅट्रिकला असताना वारले ना?"

"ते पहिले."

समितीत पाच जण होते. बोलणारे दोनच: एक वकील आणि अध्यक्षबाई. अध्यक्षबाई साताऱ्यातल्या जुन्या घरातल्या, मोठं कुंकू, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांनी डोक्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सुतकात आहात?" काका हो म्हणाले. "मग आज मूल ओटीत कसं घालायचं?" वकिलानं फाईल उलटली. त्यात वडील मयत, आणि साल काकांच्याच हस्ताक्षरात.

"तुमचे वडील दोनदा वारले का हो?"

काकांनी सगळं सांगितलं. लॉज, घोडा, स्ट्रॉबेरी, तांब्या. काही गाळलं नाही. मी मनात म्हणत होते, घोडा तरी गाळा. वकिलानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तुम्ही सरकारी कागदावर जाणूनबुजून खोटं लिहिलंत. मग तुमच्या या अर्जातलं आम्ही काय खरं मानायचं?"

मी उभी राहिले. ते मी करायला नको होतं. बेवारस या शब्दावर बोलले, सुतकाच्या भाकडपणावर बोलले, समितीनं कुठल्या शतकात राहायचं ठरवलंय ते विचारलं, आणि शेवटी निषेध केला.

"ही कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"शिफारस करणारी," काका म्हणाले.

"शिफारस अशी असते?"

मी खाली बसले. वकिलानं एक कोरा कागद काकांपुढं सरकवला. म्हणाला, इथंच लिहून द्या की ती नोंद खोटी होती, त्या इसमाशी तुमचा काही संबंध नव्हता. लिहून दिलंत तर विचार करू. नाहीतर अर्ज निकाली.

एवढं सोपं होतं. दोन ओळी. दिवसाला असे तीस कागद लिहिणारा माणूस पेन उघडून बसला आणि त्याचा हात हलेना. वकील घड्याळ बघत होता. आत कुठंतरी पोरं रडत होती आणि काकू त्या बाजूला कान लावून बसल्या होत्या. मी कुजबुजले, लिहा की काका, म्हाताऱ्याला काय कळणार आहे. काका मला म्हणाले, "हे लिहिलं की तो परत बेवारस."

काकूंनी हात पुढं केला. "द्या हिकडं."

काकू चौथी शिकलेल्या. त्यांनी पेन मुठीत धरल्यासारखं धरलं आणि कागदावर मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहिला: मानलेला.

"त्या मुलग्याच्या म्होरं एवढं घाला," त्या म्हणाल्या. "खोटं बी हुत न्हाई, आन् काढाय बी लागत न्हाई. त्यांनी मला लेकी म्हनलं, मी पानी दिलं. आमच्यात मानलेला भाव असतोय, मानलेली भन असती. मानलेला ल्योक का असू ने?"

काका त्या शब्दाकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत हजारो माणसांची नाती त्यांनी रकान्यांत बसवली होती. "हा शब्द फॉर्मात नसतो," ते हळूच म्हणाले.

"नसंल. गावात असतोय."

अध्यक्षबाईंनी कागद जवळ ओढला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. वकील काही बोलणार होता, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. "मानलेला मुलगा. ठीक आहे, खुलासा तसा लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि मानलेल्याचं सुतक नसतं. म्हणजे तोही प्रश्न मिटला. मूल ओटीत घालायला हरकत नाही." कोर्टाचा हुकूम व्हायचा होता, तोवर सांभाळायला म्हणून पोरगी आजच न्या, असं त्यांनी सांगितलं. मी त्यांच्याविषयी मनात तयार केलेलं पत्रक मनातच फाडलं. एवढ्यात काका उभे राहिले.

"पण मी धरणार आहे. दहा दिवस."

मी त्यांचा सदरा मागून ओढला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "अहो, पण नसतं."

"नसेल. मी धरणार आहे."

"तुमी धरा सुतक," काकू उठत म्हणाल्या. "पोरगी मी धरते. मला बाईंनी मोकळं केलंय." आणि त्या रडण्याच्या दिशेनं आत निघून गेल्या.

परतीच्या एसटीत काकू पोरीला घेऊन पुढं बसल्या. काका तीन बाकं मागं, माझ्याशेजारी. कराड येईपर्यंत मी त्यांचं डोकं खाल्लं. सुतक कुणी काढलं, कशासाठी, बायकांना त्यातून काय भोगावं लागतं, सगळं ऐकवलं. त्यावर मी पत्रक काढलं होतं आणि ते ह्याच माणसानं तपासून दिलं होतं.

"तुझं पत्रक बरोबर आहे," ते म्हणाले.

"मग?"

"परवा मी त्याचा मुलगा झालो. आज गैरसोय होतीय म्हणून सोडून दिलं, तर हिचा बाप किती दिवस राहीन?"

मी तेव्हापासून बरीच पत्रकं लिहिली आहेत, पण दर वेळी हे वाक्य आडवं येतं.

दहावा होईपर्यंत ते परसात, माझ्या खोलीसमोर राहिले. ताट वेगळं, घोंगडी वेगळी. पोरगी नुकती चालायला लागली होती. ती मागच्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत यायची, ह्या गोट्याकडे टक लावून बघायची, आणि काकू तिला झबल्याला धरून मागं ओढायच्या. काका दोन्ही हात पाठीमागं बांधून बसायचे. पोलिसांना म्हाताऱ्याचं गाव पुढं औंधच्या बाजूला सापडलं. तिथंही त्याचं कोणी नव्हतं.

दहाव्या दिवशी सकाळी कृष्णेच्या घाटावर जे करायचं ते करून काका आले. मी बरोबर गेले नव्हते, तत्त्वाचा प्रश्न होता. पण दाराशी उभी होते. त्यांनी दुसरा सदरा घातला, हात धोतराला पुसले, परत पुसले. काकूंनी पोरगी पुढं केली. त्यांनी ती घेतली, म्हणजे फाईल घेतात तशी, दोन्ही हातांवर आडवी.

पोरीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं भोकाड पसरलं. शेजारची माणसं दारात आली. काकू म्हणाल्या, "आना हिकडं, भ्याली ती."

"राहू दे," काका म्हणाले. "तिचं बरोबर आहे. मी नवीन आहे." आणि ती गप्प होईपर्यंत ते तसेच अंगणात उभे राहिले.